कराडच्या माळ्यावरचा सर्व्हर: बूट ऑप्शनचा लॉग, दुसरा महिना

मागच्या लॉगमध्ये बॉक्स माळ्यावर चढवला इथपर्यंत आलो होतो. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कुठल्यातरी ऑफिसातून भंगारात निघालेला १यू रॅक सर्व्हर, दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, कराडला घरी माळ्यावर ठेवलाय कारण पुण्यातल्या वन बीएचकेमध्ये त्या पंख्यांचा आवाज बायको दोन दिवससुद्धा ऐकून घेणार नाही आणि तिचं बरोबरच आहे. मी पुण्यात, मध्ये १६० किलोमीटर. तिथं इन्व्हर्टरवर एक रास्पबेरी पाय (चिमुकला कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय') कायम चालू असतो, वायरगार्ड या व्हीपीएनने मी त्याच्यात शिरतो आणि सर्व्हरच्या बीएमसीची (बोर्डावरचा वेगळा छोटा कंट्रोलर, सर्व्हर बंद असला तरी जागा असतो आणि लांबून चालू-बंद करू देतो) लॅन वायर फक्त त्या पायलाच दिसते.

या महिन्याचं टार्गेट एकच होतं. डिस्कवरून उठायचं का नेटवर्कवरून का बायोसमध्ये (मशीन उठवणाऱ्या फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) जायचं हे पुण्यात बसून ठरवता आलं पाहिजे, आप्पांना माळ्यावर चढवायचं नाही. वय ६८, शिडी लाकडी, तीपण एका बाजूला सुतळीने बांधलेली.

पहिला आठवडा तर नुसता वैतागण्यात गेला. आयपीएमआयटूलने (आयपीएमआय म्हणजे बीएमसीशी बोलायची भाषा) चॅसिस बूटडेव्ह पीएक्सई, म्हणजे 'पुढच्या वेळी नेटवर्कवरून उठ', ही कमांड दिली, उत्तर आलं की सेट झालं, मग पॉवर सायकल दिलं आणि पठ्ठ्या उठला थेट डिस्कवरून. कधीकधी. कधीकधी बरोबर नेटवर्कवरून उठायचा. मला वाटलं बीएमसीच गेलाय, जुना माल, चालायचंच. फर्मवेअर दोनदा चढवलं, बीएमसी कोल्ड रिसेट केला, काही फरक नाही. शेवटी स्पेक उघडलं (आयपीएमआयचं २.० हे २००४ चं आहे, पीडीएफ वाचताना झोप येते पण सगळं त्यातच आहे) आणि उलगडा झाला. बूटडेव्ह म्हणजे सेटिंग नाहीच, ती बीएमसीकडे सोडलेली चिठ्ठी आहे, बायोस उठताना ती वाचतो. आणि चिठ्ठी सोडल्यापासून ६० सेकंदांत पॉवर सायकल किंवा रिसेटची कमांड बीएमसीला मिळाली नाही तर बीएमसी ती चिठ्ठी आपणहून बाद करतो. मी काय करत होतो तर बूटडेव्ह द्यायचो, मग सिरियल कन्सोलची (सर्व्हरची स्क्रीन लांबून मजकुरात दाखवणारी) दुसरी विंडो उघडायचो, मग चहा उतू जातोय का ते बघून यायचो, आणि मग सायकल. पहिल्यांदा कन्सोल उघडून ठेवला असेल तर चालायचं, नाहीतर नाही. एवढंच.

यातच दुसरी मेख अशी की बूटडेव्ह देऊन ओएसच्या आतून रीबूट मारला तरी तेच होतं, कारण सर्व्हिसेस बंद होईपर्यंतच मिनिट उलटून जातं. आता दोन्ही कमांड एकाच स्क्रिप्टमध्ये लागोपाठ ठेवल्यात, मध्ये चहाला जागाच नाही.

पण हे कळायच्या आधी मी जो उपाय केला होता त्याने माझी वाट लावली, ते सविस्तर सांगतो कारण इथले निम्मे लोक हेच करणार आहेत. चिठ्ठी टिकत नाही म्हणून वैतागून शनिवारी पर्सिस्टंट ऑप्शन लावला. म्हणजे दरवेळी नेटवर्कवरूनच. चाललं! खूश झालो, टेस्टिंग केलं, नंतर काढतो म्हणलं आणि विसरलो. मंगळवारी रात्री कराडला लाइट गेली, अडीचच्या सुमाराला आली. पाय इन्व्हर्टरवर असल्यामुळे पीएक्सई, टीएफटीपी (नेटवर्कवरून उठायच्या फाइल देणाऱ्या सेवा) सगळं हजर. सर्व्हर उठला, चिठ्ठी वाचली, नेटवर्कवर गेला, माझा आयपीएक्सईचा (नेटवर्क बूटचा लोडर) मेनू आला, आणि त्या मेनूत १० सेकंदांनी आपोआप निवडला जाणारा पर्याय मी काय ठेवला होता? डेबियन लिनक्सचा प्रिसीडवाला (सगळी उत्तरं आधीच फाइलमध्ये लिहिलेला) अनअटेंडेड इन्स्टॉल. इन्स्टॉल संपला की रीबूट, रीबूट झाला की परत नेटवर्क, परत इन्स्टॉल.

सकाळी सातला आप्पांचा फोन. "आरं तुझा त्यो डबा रातभर पंधरा पंधरा मिन्टाला वरडतोय, भूतबित शिरलंय का काय त्यात?" दर रीबूटला पंखे फुल स्पीडने फिरतात, तो आवाज. पायच्या वेब लॉगमध्ये मोजलं तर इन्स्टॉलरचं कर्नल त्या रात्रीत १९ वेळा उचललं गेलं होतं. एकोणीस वेळा एसएसडी कोरा करून त्यावर डेबियन. डेटा वाचला, तो झेडएफएस फाइलसिस्टमच्या दोन वेगळ्या डिस्कवर आहे आणि प्रिसीडमध्ये डिस्क मी बाय-आयडीने (तिच्या पक्क्या ओळखीने) दिली होती, नुसतं एसडीए (हे नाव दुसऱ्या डिस्ककडेही जाऊ शकतं) लिहिलं असतं तर आज हा लॉग लिहायच्या मूडमध्ये नसतो.

बरं, पर्सिस्टंट काढला, बूटडेव्ह नन दिलं, आता डिस्कवरून उठेल म्हणून बसलो तर उठेचना. बूटेबल डिव्हाइस नाही म्हणे. अरे रात्रभर १९ वेळा इन्स्टॉल केलंस ना बाबा तू? इथे अर्धा दिवस गेला. उत्तर शनिवारच्या माझ्या टर्मिनलच्या स्क्रोलबॅकमध्येच पडलं होतं. बूटपॅरम गेट ५ केलं की बूट फ्लॅग दिसतात, पाच बाइट हेक्समध्ये, आणि माझ्याकडे पहिले दोन होते सी० आणि ०४. पहिला बाइट असा वाचायचा: ८० म्हणजे चिठ्ठी व्हॅलिड आहे, ४० म्हणजे पर्सिस्टंट, २० म्हणजे यूईएफआय (बूटची नवी पद्धत; जुनी बायोसवाली ती लेगसी). ८० अधिक ४० म्हणजे सी०. म्हणजे २० नाहीच, म्हणजे बीएमसी बायोसला सांगतोय की लेगसी मोडमध्ये उठ. दुसरा बाइट डिव्हाइसचा, ०४ पीएक्सई, ०८ हार्ड डिस्क, १४ सीडी, १८ बायोस सेटअप. तो बरोबर होता. थोडक्यात ऑप्शनमध्ये पर्सिस्टंट लिहिताना ईएफआयबूट लिहायचं राहिलं, म्हणून ते १९ च्या १९ इन्स्टॉल लेगसी झाले, आणि चिठ्ठी काढल्यावर बायोस मी लावून ठेवलेल्या यूईएफआय सेटिंगवर आला तर त्याला डिस्कवर ईएफआय पार्टिशनच सापडेना.

पायवरच्या डीएनएसमास्कच्या (नेटवर्कवर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर) लॉगमध्येही पुरावा होता. पीएक्सई क्लायंट डीएचसीपीच्या ऑप्शन ९३ मध्ये आपलं आर्किटेक्चर सांगतो, ० म्हणजे जुना बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय. रात्रभर नुसती शून्यं. म्हणून त्याला अनडायओन्लीची (आयपीएक्सईची जुन्या बायोससाठीची) फाइल जात होती, ईएफआयची नाही. आता मी काहीही करताना आधी तो आकडा बघतो, ७ दिसला की पुढचं. बसवून झाल्यावर खात्री करायची तर लिनक्सच्या सिस फोल्डरखाली फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघा, नसेल तर तुम्ही लेगसीत आहात.

आत्ताची स्थिती: पर्सिस्टंट हा शब्द स्क्रिप्टमधून हद्दपार. नेहमी एकदाच चालणारी चिठ्ठी, पहिला बाइट ए०. आयपीएक्सईच्या मेनूचा डिफॉल्ट आता एक्झिट आहे, म्हणजे कुणी काही निवडलं नाही तर यूईएफआय पुढच्या एंट्रीवर, म्हणजे डिस्कवर जातो. इन्स्टॉलरला आता मेनूत स्वतः जाऊन हो लिहावं लागतं. आणि ओएस जिवंत असेल तर बीएमसीच्या नादी लागतच नाही, ईएफआयबूटमॅनेजरने बूटनेक्स्ट (पुढचा बूट कुठून) लावतो, ते थेट बोर्डाच्या एनव्हीरॅम या मेमरीत जातं, ६० सेकंदांची कटकट नाही, एकदा वापरलं की पुसलं जातं.

सिरियल ओव्हर लॅनचं (तोच सिरियल कन्सोल, नेटवर्कवरून) पटकन: ग्रब या बूटलोडरचा मेनू दिसायचा आणि त्यानंतर स्मशानशांतता. कर्नलला कन्सोल म्हणून सिरियल पोर्ट टीटीवायएस० दिला होता, या बोर्डावर तो टीटीवायएस१ आहे. स्पीड ११५२००. दोन कन्सोल दिले तर शेवटचा लिहाल तिकडे सिस्टमडीचे (सर्व्हिसेस चालू करणारा) मेसेज जातात, म्हणून टीटीवाय० (स्क्रीन) आधी आणि सिरियल शेवटी. यूएसबी बॅकअप डिस्कला एफएसटॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कची यादी) नोफेल लावा, नाहीतर ती नसली की ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी शेल, आणि तो शेल तुम्हाला दिसणार कशात तर याच सिरियलवर.

पॉवर पॉलिसी (वीज परत आल्यावर काय करायचं ते) ऑलवेज-ऑन ठेवलीय. आधी प्रीव्हियस होती, पण सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी उतरली की ओएस स्वतः शटडाउन होतो, मग बीएमसीच्या लेखी आधीची अवस्था बंद, लाइट आली तरी साहेब झोपलेलेच. ऑलवेज-ऑनमध्येही एक भोक आहे. शटडाउन झाला आणि यूपीएस पूर्ण मरायच्या आत लाइट आली तर बीएमसीला वीज गेल्याचं कळतच नाही. त्यासाठी पायवर दर १० मिनिटांनी चालणारी क्रॉन लावलीय, लाइट आहे आणि चॅसिस ऑफ आहे असं दिसलं तर पॉवर ऑन.

आणि कृपा करून बीएमसीचा यूडीपी ६२३ पोर्ट राउटरवर उघडू नका. २.० च्या लॉगिनची रीतच अशी आहे की यूजरनेम बरोबर असेल तर समोरच्याला पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेला सांकेतिक ठसा) मिळतो, मग तो घरी बसून आरामात फोडतो. पासवर्डही २० बाइटच्या पुढे चालत नाही. नवीन मशीनवर रेडफिश (आयपीएमआयच्या जागी आलेली नवी पद्धत) असेल तर तेच वापरा, तिथं वन्स आणि कंटिन्युअस असं सरळ लिहायचं असतं, सी० आणि ए० च्या बेरजा नाहीत. माझ्या बीएमसीच्या नशिबी ते नाही.

राहिलेलं काम एकच आणि ते पुण्यातून होणार नाही. सेन्सर लिस्टमध्ये व्हीबॅट २.६ व्होल्ट दाखवतोय, म्हणजे बोर्डावरचा बटणसेल संपत आलाय. तो गेला की बायोस डिफॉल्टवर, आणि या बोर्डाचा डिफॉल्ट बूट मोड लेगसी आहे. सेल आणून ठेवलाय, दिवाळीला जाईन तेव्हा बदलेन. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "ये की, शिडी मी धरतो."