निरागस की निरपराध?

अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत हिंदी संवाद मराठीत आणताना ‘मासूम’ हा शब्द हमखास अडतो. ‘मासूम लोगों की जान गई’चं ‘निरागस लोकांचे जीव गेले’ होतं आणि ऐकताना कानाला खटकतं. स्फोटात गेलेल्या चाळिशीच्या माणसाला मराठी निरागस म्हणत नाही. तो निरपराध, किंवा निष्पाप. पडद्यावरच्या नटाच्या ओठांशी जुळवायचं असेल तर निष्पापच घ्यावा: उच्चारात मासूमची दोन अक्षरं (मा-सूम), निष्पापचीही दोन (निष्-पाप), आणि शेवटच्या म-ला ओठ मिटतात तसे प-लाही मिटतात. ‘निरागस’मध्ये ओठ मिटायला जागाच नाही, आणि ते एका अक्षराने लांबतं. सुरुवातीचा म तेवढा उरतो. क्लोजअप असेल तर अलीकडचा शब्द बदलून ती फट भरावी लागते.

खरं तर मुळात निरागस म्हणजे निरपराधच. संस्कृतात ‘आगस्’ म्हणजे अपराध, पाप. निर् + आगस् = निरागस्. ऋग्वेदात याचं भावंड ‘अनागस्’ आहे. पहिल्या मंडलातल्या 24व्या सूक्ताच्या शेवटी वरुणाला विनवलंय, तुझे पाश सैल कर, म्हणजे आम्ही अदितीपुढे ‘अनागसः’ होऊ. तिथे गोड हसू नाही की टपोरे डोळे नाहीत. बांधलेला माणूस सुटका मागतोय.

मग मराठीत निरागस कोर्टातून उठून पाळण्यात कसा गेला? माझं उत्तर असं: ‘आगस’ मराठीत आलाच नाही. दोष आपण रोज वापरतो, म्हणून निर्दोषला दोषाचं दावं आहे. अपराध आहे म्हणून निरपराधला आहे. या दोघांच्या समोर दोषी आणि अपराधी उभे आहेत. निरागससमोर कोण आहे? संस्कृतात ‘कृतागस्’ होता, मराठीत कुणीच नाही. मूळ शब्द कानावर पडत नाही, त्यामुळे अर्थ सरकला तरी कुणाला टोचलं नाही. आज निरागस म्हणजे ज्याने अपराध केला नाही तो नव्हे, अपराध म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही तो.

मूळ दिसत नाही म्हणून एक चुकीची फोडही रूढ झाली आहे: नि + राग, म्हणजे ज्याला राग नाही तो. ही फोड संधीच्या नियमात बसत नाही. निर्-पुढे र आला की पहिला र् गळतो आणि नि दीर्घ होतो: निर् + रस = नीरस, निर् + रव = नीरव. रागापासून शब्द झाला असता तर तो ‘नीराग’ झाला असता. निरागसचा नि ऱ्हस्व आहे, कारण पुढे आ हा स्वर आहे. कोशात शोधताना म्हणूनच ‘आ’मध्ये जावं. आपट्यांच्या 1890च्या संस्कृत कोशात ‘आगस्’ तिथे सापडेल.

शेवटचा स हीसुद्धा नवलाची गोष्ट. मनस्, तेजस्, यशस् मराठीत येताना स् टाकून आले: मन, तेज, यश. निस्तेजमध्येही तो टिकला नाही. निरागसने मात्र तो अ लावून जपला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. निष्पाप, निष्कलंक, निष्कपट यांत ष्-च हवा, कारण पुढे क किंवा प आहे. ‘निश्पाप’ चूक, श् च-पुढे येतो, निश्चयसारखा. ‘निर्दोषी’, ‘निरपराधी’ टाळावेत. ‘ज्याच्याकडे दोष नाही असा’ हे निर्दोषमध्येच आलं, वर ई कशाला? बातमीत ‘निर्दोष मुक्तता’ बरोबर आहे. ती माणसाच्या स्वभावाबद्दल बोलत नाही, गुन्हा शाबीत झाला नाही एवढंच सांगते, आणि ‘संशयाचा फायदा देऊन’ तिच्याआधी येऊ शकतं. छपाई निर्दोष असते, हिरा निर्दोष असतो. निरागस हिरा नसतो. निष्कलंक चारित्र्याला लावावा, कारण कलंक म्हणजे डाग, चंद्रावरचाही. पसायदानातले ‘चंद्रमे जे अलांछन’ याच घरातले. भोळा फसवला जातो, भाबड्याची कीव येते, निरागसाची येत नाही. आणि अनघा हे घरोघरचं नाव अन् + अघ, पापरहित. गीतेत कृष्ण अर्जुनाला 3ऱ्या, 14व्या, 15व्या अध्यायात ‘अनघ’ म्हणतो, तोच शब्द. (अघोरशी याचा संबंध नाही. तो अ + घोर.)

खरी परीक्षा अनुवादात लागते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत हरणावर बाण रोखतो आणि तपस्वी त्याला अडवतो: ‘आर्तत्राणाय वः शस्त्रं न प्रहर्तुमनागसि।’ तुमचं शस्त्र पीडितांच्या रक्षणासाठी आहे, अनागसावर चालवण्यासाठी नाही. समोर हरीण आहे, तेव्हा हात आपोआप ‘निरागस’कडे जातो. तो मागे घ्यावा. या ओळीत तपस्वी हरणाच्या डोळ्यांची करुणा भाकत नाही, राजाला राजधर्म सांगतो. राजाचं शस्त्र अपराध्यासाठी आणि या प्राण्याचा अपराध काही नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. ‘निरागस’ लिहिलं की युक्तिवाद मोडतो, नुसती दया उरते. इथे ‘निरपराध’च हवा, आणि तो कालिदासाने ठेवलाय तसा ओळीच्या शेवटाकडे. मराठीत क्रियापद मागून येतं, म्हणून वाक्य फिरवावं लागेल: ‘शस्त्र तुमचं पीडितांसाठी, प्रहार नको निरपराधावर.’