गाईच्या पोटातली तार

गेल्या पौषात निफाडजवळच्या आमच्या मळ्यातील एका संकरित गाईने चारा सोडला आणि दोनच दिवसांत तिचे दूध निम्म्यावर आले. अपचन असेल असे समजून आम्ही तिला तीन दिवस पाचक पावडर पाजली, आणि ते तीन दिवस वाया गेले. योगायोगाने संक्रांतीसाठी भाची घरी आली होती. ती शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते आणि साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील शेवटच्या, इंटर्नशिपच्या वर्षात आहे.

तिने औषधाचे नावही काढले नाही. आधी ती गाय कशी उभी राहते ते लांबून पाहत राहिली: पाठ किंचित कमानीसारखी, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढलेले. मग तिने गाईला गोठ्यासमोरच्या उतारावरून खाली चालवायला सांगितले. गाय दोन पावले टाकून अडली. शेवटी भाचीने खांद्यामागची कातडी दोन्ही हातांनी घट्ट आवळली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली दबवते. आमची मात्र ताठ राहून कण्हली. "मामा, हिच्या पोटात काहीतरी टोचतंय, आणि ते हृदयाच्या दिशेने सरकायच्या आत काढायला हवं," ती म्हणाली.

गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी जाळीपोट अगदी पुढे असते आणि त्याच्या व हृदयाच्या मध्ये केवळ श्वासपटल असते. गाय चारा पुरता न चावता गिळते; त्यामुळे चाऱ्यासोबत गेलेला खिळा किंवा तार मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या त्या जाळीत अडकून राहते. द्राक्षबागांच्या आपल्या तालुक्यात मांडवाच्या तारांचे तुकडे बांधावरच्या गवतात पडलेले असतात, आणि तेच गवत कापून आपण कुट्टीत घालतो.

शस्त्रक्रिया अर्थातच नोंदणीकृत पशुवैद्यकांनी केली. भाची मदतनीस होती. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खोलगट भाग, बधिर करून गाय उभी असतानाच छेद घेतला. कोठीपोटातील, म्हणजे पोटाच्या सर्वात मोठ्या कप्प्यातील, घाण उदरात सांडू नये म्हणून त्याच्या कडा आधी कातडीला टाचून घेतल्या. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला, जाळीपोट बोटांनी चाचपले आणि बोटभर लांबीची गंजलेली तार बाहेर काढली.

आपल्या म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ असल्यामुळे पशुवैद्यकही तिथलेच, असा इकडे अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालये २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. त्यांतील सर्वात जुने परळचे. ते १८८६ साली बाई साकरबाई जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारातच सुरू झाले. दवाखाना आधी आणि वर्ग त्याच्या सावलीत, हा क्रम मला फार योग्य वाटतो. पेशंट बोलत नसेल तर वह्यांपेक्षा दावणीच जास्त शिकवतात.

मात्र केवळ हाताच्या सरावावर हे शास्त्र चालत नाही, हे वेदनाशामकाच्या वेळी कळले. मी कपाटातली माणसांची डायक्लोफिनॅकची इंजेक्शने पुढे केली, तेव्हा भाची चक्क रागावली. हे औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली मृत गिधाडांच्या शवविच्छेदनावरील संशोधनातून जगापुढे आले. भारतात २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांना अपाय करत नाही, हे तपासून पाहण्यात इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचाही वाटा होता. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवतात, हे मला ठाऊक होते. त्याचा माझ्या कपाटाशी संबंध असेल, हे मनातही आले नव्हते. गाईला मेलॉक्सिकॅमच दिले.

पाचव्या दिवशी पहाटे गाय बसून रवंथ करत होती. भाचीने मिनिटभर गाईच्या भकाळीवर मूठ दाबून धरली, कोठीपोटाच्या लाटा मोजल्या आणि आंबोण निम्मेच द्यायला सांगितले. तार ती धुऊन, कागदात गुंडाळून शिरवळला घेऊन गेली.