स्टेपलर आहे का?

आमच्या अकाउंट्स खात्यात माणसं नऊ आणि चालू स्थितीतले स्टेपलर दोन. एक कॅशियर काकांचा. त्याच्यावर पांढरी पट्टी चिकटवून ‘कॅश. वापरून परत करणे’ असं लिहिलेलं, आणि ‘परत’खाली दोन रेघा. दुसरा शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचा. माझाही एक होता. एका मार्चमध्ये तो कुणीतरी ‘एक मिनिट हं’ म्हणून नेला, ते मिनिट अजून संपायचंय.

त्यामुळे दिवसातून सात-आठ वेळा व्हाउचरांची चळत घेऊन मी मॅडमच्या टेबलापाशी उभा. त्या स्क्रीनवरची नजर न हलवता स्टेपलर सरकवायच्या. खटक्. ‘मुलीचा निकाल लागला का?’ खटक्. ‘आज डब्यात काय?’ अशी आमची ओळख दहा नंबरच्या पिनांवर वाढलेली. (दहा नंबरच्या पट्टीत ५० पिना, डबीत १०००. पण जाड गठ्ठ्यात ही पिन वाकते आणि थेट बोटात शिरते. तिथे २४/६ लागते, म्हणजे २४ गेजची तार आणि ६ मिलिमीटरचे पाय. हे ज्ञान मला बोटातूनच मिळालं.)

आमचं पंचांगही निराळं. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर भरायचा; ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं. आणि मार्च म्हणजे लग्नघर, फक्त जेवण नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष इंग्रजांनी १८६७ मध्ये आपल्याकडे सुरू केलं; ते गेले, ३१ मार्च राहिला.

गेल्या मार्चमध्येच ते झालं. एका पार्टीचं, म्हणजे माल पुरवणाऱ्याचं, बिल माझ्या हातून दोनदा पास झालं. मॅडमनी ते पकडलं, इथवर ठीक. पण त्यांनी मेल टाकली आणि साहेबांना सीसी केलं. आम्ही चार फुटांवर बसतो हो! मान वळवून ‘अहो, हे बघा’ म्हटलं असतं तर मी कान धरले असते. सीसी म्हणजे भर चौकात बारशाचं नाव घेऊन ओरडणं. मीही तिरीमिरीत सगळ्यांना उत्तर ठोकलं, त्यांची जानेवारीतली एक चूक उकरून. मग अबोला.

काकांकडे जायचं तर ‘परत’खालच्या दोन रेघा आडव्या येतात. मी टाचण्यांवर आलो. दोन दिवसांनी एक साहेबांना सही करताना टोचली. त्यांनी मला बोलावलं, बोट दाखवलं, आणि काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

एप्रिलमध्ये ऑफिसने ताणतणावावर प्रशिक्षण ठेवलं. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला, असं तिथे कळलं. २५ मिनिटं मान खाली, ५ मिनिटं विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचंही तेच नाव. मी मोबाइलवर टोमॅटो लावला. चौदाव्या मिनिटाला साहेबांची हाक. दुसरा लावला, नवव्या मिनिटाला बँकेचा फोन. दिवसअखेर एकही टोमॅटो पिकला नाही. त्या विद्यार्थ्याला साहेब नव्हते, हे कुणी लक्षात घेत नाही.

प्रशिक्षणाचं दुसरं फळ असं, की उठबस कमी व्हावी म्हणून प्रत्येकाला एकेक नवा निळा स्टेपलर मिळाला. खरंच कमी झाली. काकांनी आपला पट्टीवाला कपाटात ठेवला. कुणी कुणाच्या टेबलापाशी जाईना. कामं वेळेवर होत होती, आणि संध्याकाळी मान मात्र जास्त दुखायची. मुलीचा निकाल लागला असणार, पण विचारायचं कुठल्या निमित्ताने?

मेच्या पहिल्या आठवड्यात टेबलापाशी सावली पडली.

‘स्टेपलर आहे का?’ मॅडम.

त्यांच्या टेबलावर लेजरच्या प्रिंटखालून निळं टोक स्पष्ट दिसत होतं. मी माझा सरकवला.

खटक्. ‘त्या पार्टीने जादाचे पैसे पुढच्या बिलात वळते केलेत.’

‘बरं झालं.’

खटक्. ‘आज गवार आहे. शेंगदाण्याचं कूट घालून.’

मी वर पाहिलं. त्यांच्या हातात कागद एकच होता.