नागपूरहून कोलारा: तेंदूपत्त्याच्या हंगामातील ताडोबा

नागपूरहून उमरेड, भिसी, चिमूर या मार्गाने ताडोबाचे कोलारा प्रवेशद्वार गाठायचे असल्यास दुपारीच निघावे, कारण चिमूरनंतरचा रस्ता बफरमधील, म्हणजे गाभा जंगलाभोवतीच्या पट्ट्यातील, गावे, शेते आणि झुडपी जंगल यांमधून जातो आणि अंधार पडल्यावर तो माणसांपेक्षा वन्यप्राण्यांचाच अधिक असतो. आम्ही मे महिन्यात गेलो, तेव्हा तेंदूपत्त्याचा, म्हणजे विड्या वळण्यासाठीची पाने तोडण्याचा, हंगाम भरात होता.

मुक्कामाच्या गावी एका ओसरीवर मायलेकी 70 पानांचा एकेक पुडा बांधत बसल्या होत्या. पहाटे जंगलात एकटीने जायचे नाही, मधूनमधून हाका देत राहायचे, एवढीच त्यांची खबरदारी. पाने तोडणारी व्यक्ती वाकलेली असते आणि झुडपाआडून ती वाघाला चौपायासारखी भासू शकते; मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात अशाच कामासाठी गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या सुमारे 1,727 चौरस किलोमीटरपैकी साधारण 625 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. आईपासून वेगळे झालेले तरुण वाघ गाभ्यात जागा न मिळाल्यास बफरकडे सरकतात आणि गावकऱ्यांची शेती, गुरे, सरपणही तेथेच.

सफारीत वाघीण दिसली. मात्र आमच्या पुढच्या जिप्सीतील मंडळी चालकाला गाडी आणखी पुढे घेण्यास सांगत होती, हे मला खटकले. 2024 च्या अखेरीस उमरेड-करांडला अभयारण्यात वाघीण आणि बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. गाड्यांच्या गराड्यात वाढणाऱ्या बछड्यांची माणसाविषयीची भीती कमी होऊ शकते आणि त्याची झळ पर्यटकांना नव्हे, पायी फिरणाऱ्या गावकऱ्यांना बसते. त्यामुळे जवळ नेण्यासाठी चालकाला जादा पैसे देऊ करू नयेत.

रिसॉर्टबाहेर रात्री पायी फिरणे टाळावे. उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. रस्त्यात वाघ दिसल्यास गाडीतून उतरू नये. ताडोबा मंगळवारी बंद असतो, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रही बंद राहते आणि गाभ्यात मोबाईल नेता येत नाही. तेव्हा आरक्षणापूर्वी वार पाहावा आणि छायाचित्रांसाठी कॅमेरा सोबत ठेवावा.