ब्रेकचा लाल दिवा आणि डावं चाक

कोल्हापूरहून आचऱ्याला परतताना फोंडा घाटाच्या उतारावर माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. गोल, आत उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. सोबत टुंग टुंग आवाज आणि ‘ब्रेक तपासा’ हा संदेश. वळण संपून गाडी जरा सरळ झाली की सगळं गप्प. पुढच्या वळणावर पुन्हा सुरू.

पिवळा दिवा असता तर एवढी काळजी वाटली नसती. पिवळा बहुतेक वेळा एबीएसचा असतो. साधा ब्रेक लागतो, फक्त चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा बाजूला झालेली असते. लाल दिव्यामागे मात्र हँडब्रेक ओढलेला राहणं, ब्रेक ऑइल कमी होणं किंवा त्याहून गंभीर काही असू शकतं. रुंद जागा बघून थांबलो. हँडब्रेक सैल होता. पेडल दाबून धरलं, पाय घट्ट राहिला, हळूहळू खाली जात नव्हता. म्हणजे तेल वेगाने कुठून गळत तरी नव्हतं. दोन गाड्यांचं अंतर ठेवून, रिजनवर, म्हणजे मोटरच्या उलट ओढीने गाडी हळू करून बॅटरी भरणाऱ्या ब्रेकवर, भर देत सावकाश खाली उतरलो.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर आमच्यासाठी घाट चढून पलीकडे. फोनवर पहिलं उत्तर आलं, ‘बारा व्होल्टची बॅटरी उतरली असेल, बदलून घ्या.’ हे अगदीच खोटं नाही. इलेक्ट्रिक गाडीतही दिवे, कंट्रोल युनिट, सेन्सर हे सगळं छोट्या बॅटरीवर चालतं आणि ती कमजोर झाली की डॅशबोर्ड वाट्टेल ते दिवे लावतो. म्हणून मल्टीमीटर लावला. गाडी बंद असताना साडेबाराच्या वर, चालू केल्यावर चौदाच्या आसपास. बॅटरी ठीक, तिला चार्ज करणारा कन्व्हर्टरही ठीक. हे सांगितल्यावर दुसरं उत्तर आलं, ‘मग एबीएसचं मॉड्यूल.’ त्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला. कणकवलीत एकाकडे एबीएस वाचणारा स्कॅनर आहे. त्यात चाकाच्या सेन्सरचा किंवा मॉड्यूलचा एकही कोड निघाला नाही.

आता राहिलं तेल. घरापुढचं खळं हीच आमच्याकडची खात्रीची सपाट जागा. तिथे गाडी लावून बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलच्या बाटलीत पातळी खालच्या रेघेला टेकलेली. बाटलीत एक फ्लोट असतो, त्यात चुंबक. तो खाली बसला की स्विच लागतो आणि दिवा पेटतो. पातळी काठावर असली की उतारावर आणि वळणावर तेल एका बाजूला सरकतं, फ्लोट क्षणभर खाली बसतो. घाटात दिवा का लागत-विझत होता, ते इथे कळलं.

‘थोडं ऑइल टाका, दिवा जाईल,’ हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. दिवा गेला असता, पण त्याच्याबरोबर एकमेव पुरावाही गेला असता. पेट्रोल गाडीत पॅड झिजतात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन बाहेर येतो, त्यामागे तेल जातं आणि बाटलीतली पातळी हळूहळू उतरते. तिथे ते नेहमीचंच. माझी गाडी मात्र अर्ध्याहून जास्त वेळा मोटरच्या उलट ओढीने थांबते, पॅडला कामच कमी. मग तेल गेलं कुठे? चारही चाकांच्या आतून, नळ्यांवर, खळ्यातल्या फरशीवर कुठे ओल नव्हती.

कणकवलीचा फेरा करून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेला. तीन चाकं कोमट. पुढचं डावं एवढं तापलेलं की पाणी शिंपडलं तर चर्र झालं. त्याच चाकाच्या रिमवर काळी भुकटीही जास्त होती. एकदम आठवलं, रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर, अलीकडे घसरली होती. मी ती एसीच्या खात्यावर टाकत होतो.

आचऱ्याचा आमचा मेकॅनिक पेट्रोल-डिझेलच्या गाडीला डोळे मिटून हात घालतो. ही बघून मागे सरला. “भाऊनु, ह्येका करंट लागाचो नाय मां?” त्याला नारिंगी जाड केबल दाखवल्या: जास्त व्होल्टेज त्यांच्यात आणि त्या जिथे जोडल्यात त्या भागांत, तिथे हात लावायचा नाही, आणि चाकाचं काम त्यांच्यापासून लांब आहे. गाडी बंद केली, किल्ली घरात ठेवून आलो, कारण काही गाड्यांत दार उघडलं तरी ब्रेकचा पंप जागा होतो. मग त्याने चाक काढलं, कॅलिपर उचकटला आणि हसला. “ह्यो भायरचो पॅड बघा, नवोच आसा. आतलो सपलो.”

कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो, त्यातली खालची गंजून जाम. तिच्यावरचं रबर फाटलेलं. आमचा रस्ता खाडीच्या कडेने जातो, खारा वारा बारा महिने. त्यात डावं चाक कायम कडेच्या वाळूतून आणि साचलेल्या पाण्यातून. साध्या गाडीत रोजच्या दाबण्याने पिन हलती राहते, माझ्या गाडीत ती नुसती बसून राहिली. पिस्टन आतला पॅड दाबायचा, कॅलिपर सरकायचा नाही आणि पॅड सुटायचाही नाही. तो घासत राहिला, पिस्टन बाहेर येत गेला, बाटली रिकामी होत गेली. जास्त वापरातून येणारा बिघाड सगळ्यांना समजतो. न वापरल्याने आलेला हा मला समजावून सांगायलाच वेळ लागतो.

दुरुस्ती किरकोळ म्हणावी अशी. पिना घासून साफ, ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस, नवी रबरं. पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे बदलले; एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला एकीकडे ओढते. पिस्टन मागे ढकलताच बाटलीतली पातळी आपोआप वर आली. आधी तेल ओतलं असतं तर इथे ते बाहेर सांडलं असतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. तरी जुनं काढून नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरून घेतलंच. हे तेल हवेतलं पाणी शोषतं: कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ती हद्द १५५ पर्यंत येऊ शकते. आपल्या दमट हवेत दोन वर्षांची मुदत ताणू नये.

दिवा पुन्हा लागलेला नाही. रेंज परत आली, चारही चाकं सारखी कोमट. आता मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर मागे कुणी नसेल तेव्हा रिजन शून्यावर आणून किंवा गाडी न्यूट्रलला टाकून चार-पाच वेळा पायाने नीट ब्रेक लावतो, म्हणजे डिस्कवरचा गंज निघतो आणि पिना हलतात. कंपनीच्या वेळापत्रकात पॅडपुढे नुसतं ‘तपासणी’ लिहिलंय, आणि ती म्हणजे चाक न काढता बाहेरून टॉर्च मारून बघणं. बाहेरचा पॅड माझाही नवाच दिसत होता. म्हणून मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, चाक काढून पिना बाहेर घ्यायला सांगतो. मेकॅनिक आता नारिंगी केबलकडे बघतही नाही. किल्ली घरात ठेवली का, एवढंच विचारतो.