मेलेली कोंबडी पुरू नका, आधी पोच घ्या

"मेली ना? मग पुरून टाका, वर चुना टाका." बर्ड फ्लूच्या दिवसांत फोनवर मिळालेला हा सल्ला अजून डोक्यातून जात नाही. तो ऐकला असता तर आमच्या परसातल्या उरलेल्या २७ पक्ष्यांना काय झालंय, काय नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं. जिवंत कोंबड्या सांभाळायला कष्ट पडतात, पण ते काम आपल्या हातातलं असतं. गाडी अडते ती मेलेल्या कोंबडीपाशी.

२०२५च्या जानेवारीत उरणजवळच्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मरून पडत होते. नियम असा की रोग सापडला त्या जागेपासून एक किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र, तिथले सगळे पक्षी मारतात. त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र. आम्ही दुसऱ्या वर्तुळात होतो. इथे पक्षी मारत नाहीत, पण कोंबड्या, अंडी, खत यातलं काही हलवायचं नाही, विकायचं नाही, आणि तपासणीला माणसं आली की दार उघडायचं. आमचा तालुका कुठला ते सांगत नाही, कारण पुढे जनावरांच्या दवाखान्याबद्दल बोलायचंय.

पक्षी कोंडण्याचं काम एका दिवसात होतं. आमच्याकडे २२ कोंबड्या, २ कोंबडे आणि ५ बदकं. कोंबड्यांना १२ बाय ८ फुटांची पडवी दिली, म्हणजे डोक्यामागे चार चौरस फूट. आमच्याकडे बरेच जण अंगणावर मासेमारीचं जुनं जाळं पसरतात आणि झालं म्हणतात. जाळ्याने घार अडते, विष्ठा अडत नाही. वर शेवग्यावर बसलेला कावळा किंवा बगळा थेट दाणापाण्यात घाण टाकतो आणि विषाणू त्या घाणीतूनच येतो. त्यामुळे डोक्यावर पत्रा किंवा ताडपत्री हवीच, तिचा उतार बाहेरच्या बाजूला, आणि जाळी फक्त बाजूंना. जाळीचं भोक एक इंचाहून मोठं नको. दोन इंची जाळीतून चिमण्या आरामात आत येऊन दाणे टिपतात.

बदकं वेगळी, हे सगळ्यात आधी. बदक वरून ठणठणीत दिसतं आणि आतून विषाणू टाकत राहतं. ती घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवली, त्यांची बादली वेगळी, आणि दाणापाणी आधी कोंबड्यांना, बदकांना शेवटी. तळ्यावर सोडणं बंद. हिवाळ्यात उरणच्या पाणथळ जागांवर बाहेरचे पक्षी उतरलेले असतात आणि थंड पाण्यात हा विषाणू दिवसेंदिवस टिकतो. पाजायला नळाचं किंवा झाकलेल्या टाकीचं पाणी. हजार लिटरच्या टाकीला १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती आधी तांब्याभर पाण्यात कालवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणीच टाकीत ओतायचं.

पडवीच्या दाराशी एक चप्पलजोड कायमची आतली. बाहेर घमेल्यात जुनं गोणपाट आणि त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी, लिटरला ४० ग्रॅम. खायचा सोडा नव्हे. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात कालवू नका, पातेलं काळं पडून खराब होतं. पाय बुडवण्याआधी चिखल आणि शीट ब्रशने काढलं नाही तर सोडा वरच्यावर राहतो, खालपर्यंत पोचतच नाही. घमेल्यातलं पाणी रोज बदला. खुराडी, गोठा आणि गटार फवारायला पशुसंवर्धन खात्याचं प्रमाण सौम्य आहे, लिटरला ७ ग्रॅम. पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपाला १०५ ग्रॅम, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा. तेही आधी झाडून घेतल्यावर.

खाण्याचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. मोकळी कोंबडी परसात किडे, गवत, उष्टं खाते, आपण मूठभर दाणे टाकतो. कोंडली की सगळं आपल्यावर येतं, पक्ष्यामागे दिवसाला साधारण १०० ग्रॅम. नुसती कणी टाकली तर आठवड्याभरात अंडी बंद. निम्मं तरी लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) हवं आणि वेगळ्या करवंटीत शिंपल्यांचा चुरा. चौथ्या-पाचव्या दिवशी एकमेकींची पिसं उपटायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे हादग्याची किंवा शेवग्याची जुडी चोचीच्या उंचीवर टांगायची, उडी मारून तोडायला लागेल इतकी. जिला रक्त आलं तिला लगेच बाजूला काढा, रक्त दिसलं की बाकीच्या सोडत नाहीत. खाली तीन इंच भाताचं तूस. रोज हलवायचं आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं काढून टाकायचं. ते राहिलं तर रक्ती हगवण लागते आणि तुम्हाला वाटतं बर्ड फ्लूच आला.

हे सगळं नीट करूनही नवव्या दिवशी पहाटे दोन कोंबड्या मेलेल्या मिळाल्या.

इथून पुढचे दोन आठवडे फुकट गेले असं म्हणत नाही, पण निम्मे तरी वाचले असते. बर्ड फ्लूत तुरे आणि गळ्याखालची लोळी निळीजांभळी पडतात, डोकं सुजतं, पायाच्या सालीखाली रक्त साकळतं, हिरवट पातळ शी होते, बिनकवचाची अंडी येतात. किंवा यातलं काहीच न दिसता कोंबडी पटकन मरते. शेवटच्या वाक्यामुळे घरी बसून निदान करण्यात अर्थ नाही. मानमोडीतही (कोंबड्यांचा राणीखेत रोग) हिरवी शी होते. नमुना लागतोच.

सकाळी साडेसहाला दवाखान्याच्या माणसाला फोन लावला, तेव्हा तो वरचा चुन्याचा सल्ला मिळाला. सगळे कर्मचारी बाधित गावात ड्युटीवर होते, ते मान्य. पण निगराणी क्षेत्रात मेलेला पक्षी तपासणीविना पुरायला सांगणं म्हणजे निगराणी कसली? १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर नोंद झाली. आठ वाजता दवाखान्यातून दुसरा फोन आला, "पक्षी घेऊन या." तेही चूक. मेलेला पक्षी गाडीवर घेऊन तालुक्याला जाणं म्हणजे रस्ताभर रोग सांडत जाणं, आणि क्षेत्रातून पक्षी हलवायला बंदी तुमच्याच आदेशात लिहिलेली. मी नाही म्हटलं, तर उत्तर आलं, "मग वाट बघा."

वाट बघताना नमुना सडतो, आणि सडलेल्या पक्ष्यातून काही मिळत नाही. माझी चूकही इथेच झाली. पहिली कोंबडी जिथे पडली होती तिथेच, पडवीच्या पूर्वेच्या कडेला, ऊन येईपर्यंत राहिली. "हात लावायचा नाही" एवढंच डोक्यात होतं. दुपारपर्यंत तिचं पोट फुगलं. दुसरी सावलीत होती. पुन्हा फोन करून विचारलं, "बर्फात ठेवू का?" हो म्हणाले. तोंडाला मास्क, हातमोजे, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालायची, पक्षी पकडायचा आणि पिशवी सुलट करायची. मग दुसरी पिशवी, तोंड गच्च बांधलेलं. मासळीचा जुना थर्माकोलचा डबा, त्यात चुरा बर्फ, तोही पिशवीत, म्हणजे वितळलेलं पाणी पक्ष्याला लागत नाही. घरच्या फ्रीजमध्ये चुकूनही नको, फ्रीजरमध्ये तर नाहीच. पक्षी कापून आत काय झालंय ते बघायचा मोह आवरा. डबा नंतर वापरायचा नाही, तोही पक्ष्याबरोबर नष्ट करायला द्यायचा.

बर्फ भरून झाल्यावर सुचलं ते खरं तर सकाळीच करायला हवं होतं. लेखी अर्ज. फोनला पोच नसते. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ याच्या कलम ४ नुसार मालकाने ग्रामपंचायतीला कळवायचं आणि ग्रामपंचायतीने जवळच्या पशुवैद्यकाला लेखी कळवायचं. ग्रामसेवक म्हणाले, याचा छापील नमुना आमच्याकडे नाही. नसेना. साध्या कागदावर दोन प्रती केल्या. तारीख, पक्षी मेलेले दिसले ती वेळ, किती मेले, कुठल्या जातीचे, अंदाजे वय, आदल्या दिवशी खाल्लं होतं की नाही, उरलेले पक्षी प्रकारवार, शेवटची लस कधी, आणि "सदर पक्षी बर्फात ठेवले असून नमुने घेण्याची व्यवस्था व्हावी" ही एक ओळ. एका प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि सही. त्या पोचेचा फोटो दवाखान्याच्या व्हॉट्सअॅपवर गेला आणि साडेतीनला गाडी दारात. सकाळपासूनच्या सहा फोनांनी जे झालं नाही ते एका शिक्क्याने झालं.

पहिली कोंबडी त्यांनी बघताच बाद केली. दुसरीच्या घशातून आणि गुदद्वारातून काडीवरचे कापसाचे बोळे (स्वॅब) घेतले आणि गुलाबी द्रवाच्या नळ्यांत मोडून टाकले. शिवाय पाच जिवंत पक्ष्यांचे, त्यात दोन बदकं. बदकांचे घ्या हे आपण आठवण करून द्यायचं. नळ्यांवर चिठ्ठी आपल्यासमोर लागलेली बघा आणि क्रमांक लिहून घ्या, कारण पुढे सगळं त्या क्रमांकावर चालतं. नमुने आधी पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात. तिथे संशय आला तर भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत, आणि शेवटचा शब्द भोपाळचा.

मग अकरा दिवस काही नाही. या काळात एका वहीत रोज तीन आकडे लिहिले, खाद्य किती संपलं, अंडी किती, मेले किती. खाद्य अचानक निम्म्यावर आलं तर मरतुकीची वाट न बघता फोन करायचा. मेलेल्या पक्ष्याला हात लागलेल्यांनी दहा दिवस ताप, खोकला, डोळे लाल होणं यावर लक्ष ठेवायचं, आणि काही झालंच तर आरोग्य केंद्रात "कोंबडी हाताळली होती" हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

बाराव्या दिवशी फोनवर कळलं, निगेटिव्ह. कागद? "निगेटिव्हचा कागद आम्ही देत नसतो." पण कागदाशिवाय शेजारीपाजारी ऐकत नाहीत आणि बंदी उठल्यावर पिल्लं देणाराही दहा प्रश्न विचारतो. जिल्ह्याच्या कार्यालयात आवक क्रमांक आणि नळ्यांचे क्रमांक घालून अर्ज दिला, शेवटी माहितीच्या अधिकाराचा उल्लेख केला. चौथ्या दिवशी प्रत हातात. कागदावर एकच गोष्ट असते, बर्ड फ्लू नाही. मग कशाने मेल्या, ते त्यात नसतं.

राहिलेलं एक, आणि हे वर यायला हवं होतं. मानमोडीची लस वेळेत असू द्या, लासोटा पहिल्या आठवड्यात आणि आर२बी आठव्या आठवड्याला. बर्ड फ्लूची लस आपल्याकडे देत नाहीत, पण मानमोडीचा संशय बाजूला पडला तर डॉक्टरचं आणि तुमचं निम्मं डोकं वाचतं. आमच्या तीन कोंबड्यांची आर२बी राहून गेली होती, आणि मेलेल्या दोन त्यातल्याच. अर्जात ते खरं लिहिलं. लपवून फायदा नव्हता.

सर्वेक्षणाला माणसं दुपारी येतात, तेव्हा पक्षी इकडेतिकडे असतात आणि अंदाजे आकडा लिहिला जातो. आमच्या घरापुढे आधी १५ लिहिले होते. आदल्या रात्री पक्षी बसल्यावर टॉर्च लावून मोजा आणि आकडा दुरुस्त करून घ्या. उद्या क्षेत्र बदललं आणि पक्षी मारले गेले तर भरपाई मारलेल्या पक्ष्यांचीच मिळते, रोगाने आधी मेलेल्यांची नाही. म्हणून लपवून ठेवणाऱ्याचंच नुकसान होतं. २०२१ साली मोठ्या अंड्यावरच्या कोंबडीला ९० रुपये, मांसल कोंबडीला ७०, पिल्लाला २०, अंड्याला ३ आणि खाद्याला किलोमागे १२ रुपये असे दर होते. गावठीचा वेगळा रकाना मला त्यात दिसला नाही. बाजारात गावठी कोंबडीला काय मोजावं लागतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

घरातली अंडी टाकून देऊ नका. ७० अंशांपर्यंत आतून शिजली की विषाणू मरतो. उकडून खा, पिवळं घट्ट होईपर्यंत. अर्धवट शिजलेलं हाफफ्राय मात्र महिनाभर विसरा. कवचावर शी लागलेली अंडी हाताळून झाली की साबणाने हात धुवा.

आणि अर्जात पक्ष्यांची संख्या आकड्यात लिहिली तर कंसात अक्षरीही लिहा. आमच्या २७ चे जिल्ह्याला पोचेपर्यंत २१ झाले होते.