कप जिंकला आणि संघ बंद केला

1961 साली टोरंटोच्या सेंट मायकल्स कॉलेज स्कूलच्या मेजर्स संघाने दूर पश्चिमेतल्या एडमंटनला जाऊन ऑइल किंग्जना हरवलं आणि मेमोरियल कप चौथ्यांदा शाळेत आणला. कॅनडाच्या ज्युनियर आइस हॉकीत, म्हणजे बर्फावरच्या साधारण विशीपर्यंतच्या पोरांच्या हॉकीत, याहून मोठं काही नाही. त्यानंतर आणखी एक हंगाम खेळून शाळेने हा संघ बंद केला. पैसे संपले म्हणून नाही, पोरं मिळेनात म्हणूनही नाही. अभ्यास बुडतो म्हणून.

मी हायस्कूलला गणित शिकवते. मुलगा हॉकी खेळायचा तेव्हा भल्या पहाटे रिंकवर, मांडीवर तपासायचे पेपर घेऊन, बरेच हिवाळे काढलेत. त्यामुळे ही गोष्ट कळल्यावर 'शाळा असावी तर अशी!' असंच आधी तोंडून निघालं. शेजारी बसलेल्या एका बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या मुलाचे स्केट्स विकायला काढलेत. मग शाळेच्या हॉकीबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. मत फारसं बदललं नाही, पण गोष्ट वाटली तेवढी सरळ नव्हती.

शाळा 1852 ची, फ्रान्सहून आलेल्या बॅसिलियन पंथाच्या पाद्र्यांनी काढलेली. 1906 पासून ऑन्टारियोच्या हॉकी संघटनेत त्यांचा संघ खेळायला लागला आणि 1910 मध्ये मोठ्यांचा ॲलन कपही त्यांनी मारला. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1919 मध्ये मेमोरियल कप सुरू झाला. सेंट माइक्सने (सगळे असंच म्हणतात) तो 1934, 1945 आणि 1947 मध्ये जिंकला. शेवटच्या दोन्ही वेळी प्रशिक्षक होते जो प्रिमो. ते याच शाळेत शिकलेले आणि टोरंटोच्या मेपल लीफ्स या व्यावसायिक क्लबचे जुने खेळाडू. पुढे 1950 मध्ये त्यांनी ॲलन कप आणि 1951 मध्ये लीफ्ससाठी व्यावसायिकांचा स्टॅनली कप जिंकून दिला. हे तिन्ही कप प्रशिक्षक म्हणून जिंकणारा दुसरा माणूस झालेला नाही.

आता खरी गंमत. त्या काळात आजच्यासारखा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, नव्हता, तो 1963 मध्ये आला. तोवर एनएचएल या व्यावसायिक लीगचे क्लब ज्युनियर संघांना पोसायचे आणि पोरांकडून, पोरगा लहान असेल तर आईबापांकडून, 'सी फॉर्म' नावाच्या कागदावर सही घ्यायचे. सही झाली की पोरगा त्या क्लबचा. टोरंटोत लीफ्सचे असे दोन संघ होते, मार्लबरोज आणि सेंट माइक्स. साधारण रिवाज असा की पोरगा कॅथलिक असेल तर सेंट माइक्सला, प्रोटेस्टंट असेल तर मार्लबरोजला.

त्यातून आलेली नावं बघा. फ्रँक महोव्लिच टिमिन्सकडचा, क्रोएशियन स्थलांतरितांचा मुलगा. डिक डफ कर्कलंड लेकचा, डेव्ह कियॉन क्वेबेकमधल्या नोरांडाचा. टिम हॉर्टन कॉक्रनचा. सगळे उत्तरेकडचे, बहुतेक खाणींच्या गावांतले. पोरगा हॉकी खेळेल आणि पाद्र्यांच्या हाताखाली चार बुकंही शिकेल, हे त्या गावांतल्या आईबापांना किती मोठं वाटलं असेल, ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. टिम हॉर्टन म्हणजे तोच, ज्याच्या नावाची कॉफी इथे कॅनडात आपण सगळे पितो. 1964 मध्ये हॅमिल्टनला त्याने पहिलं दुकान काढलं, तेव्हा तो लीफ्सकडून खेळतच होता. आणि 1947 च्या संघातला रेड केली तर साठच्या दशकात लीफ्सकडून खेळता खेळता खासदार होता! 1967 चा स्टॅनली कप हा लीफ्सचा आजवरचा शेवटचा. त्या संघात महोव्लिच, कियॉन, हॉर्टन आणि केली, चौघेही होते.

म्हणजे अभ्यासाच्या नावाने संघ बंद करणाऱ्या शाळेने त्याआधी कितीतरी वर्षं एका धंदेवाईक क्लबला खेळाडू पुरवले होते. हे विसरून तिची आरती ओवाळायला मी तयार नाही.

मग 1961 मध्येच काय झालं? त्या वर्षीचे प्रशिक्षक होते फादर डेव्हिड बाउर, शाळेचेच माजी विद्यार्थी. त्यांचा मोठा भाऊ बॉबी 1934 च्या विजेत्या संघात होता आणि पुढे बोस्टन ब्रुइन्सचा नामांकित खेळाडू झाला. डेव्हिडच्या हातातही कसब होतं, पण तो पाद्री झाला. गेरी चीव्हर्स हा त्यांचा गोलरक्षक, पुढे ब्रुइन्सकडून दोन स्टॅनली कप जिंकलेला. या चीव्हर्सला बाउर यांनी त्या हंगामात काही सामन्यांत चक्क फॉरवर्ड म्हणून खेळवलं. मला हा माणूस इथेच आवडला.

लीगमध्ये सात संघ, प्रत्येकाचे 48 सामने, त्यावर प्लेऑफ. पीटरबरो, नायगारा फॉल्स, सेंट कॅथरिन्स, सगळीकडे बसने जायचं. त्यात एडमंटनपर्यंत मजल गेली की शाळेचं वर्ष हातातून गेलंच. हाणामारीही वाढली होती. पाद्र्यांनी ठरवलं, आता पुरे. आधी कमी सामन्यांची मेट्रो ज्युनियर लीग करून पाहिली, 1962 मध्ये तीही सोडली.

पण खेळाडूंचं काय झालं? त्यांतले बरेच जण नील मॅक्नील या दुसऱ्या कॅथलिक शाळेत गेले आणि 'मरून्स' नावाने खेळू लागले. वर्षभरात ती लीगच मोडली आणि पोरं मार्लबरोजमध्ये गेली. त्याच मार्लबरोजनी 1964 चा मेमोरियल कप जिंकला. सेंट माइक्सने ओझं उतरवलं खरं, पण ते पोरांच्या खांद्यावरून काही गेलं नाही.

बाउर मात्र वेगळ्या वाटेने गेले. त्यांची बदली व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात झाली आणि तिथे त्यांनी शिकणाऱ्या पोरांचाच राष्ट्रीय संघ बांधला. 1961 च्या संघातले टेरी ओ'मॅली आणि बॅरी मॅकेन्झी त्यात होते. 1964 च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये एका स्वीडिश खेळाडूची स्टिक बाउर यांच्या कपाळाला लागून रक्त आलं, तरी त्यांनी आपल्या पोरांना बाकावरून उठू दिलं नाही. पदक हुकलं, तेही गुण सारखे असताना गोलफरकावर. संघ चौथा आला. 1968 मध्ये ग्रनोबलला कांस्य मिळालं. शाळा आणि हॉकी एकत्र नांदू शकतात की नाही, याचं बाउर यांनी दिलेलं उत्तर मला शाळेच्या उत्तरापेक्षा जास्त पटतं. पुढे ओ'मॅली आणि मॅकेन्झी दोघेही सस्कॅचवनमधल्या विलकॉक्स या एवढ्याशा गावातल्या नोत्र दाम शाळेत गेले. तिच्या हाउंड्स संघाने 1988 मध्ये कॅनडाचा सेंटेनियल कप, म्हणजे मेमोरियल कपच्या एक पायरी खालचा ज्युनियर कप, जिंकला, तेव्हा प्रशिक्षक मॅकेन्झी होते आणि संघात पुढे एनएचएलमध्ये गाजलेला रॉड ब्रिंडअमोर होता.

इकडे सेंट माइक्स मेजर्स 1997 मध्ये पुन्हा जन्माला आले, ओएचएल या ऑन्टारियोच्या ज्युनियर लीगमधला नवा संघ म्हणून. काही वर्षं शाळेच्या रिंकवर खेळले, 2007 मध्ये टोरंटोशेजारच्या आमच्या मिसिसागाला आले. नावात सेंट मायकल्स होतं, पण शाळा राहिली टोरंटोत. 2011 चा मेमोरियल कप इथेच झाला आणि अंतिम सामन्यात मेजर्स सेंट जॉनच्या सी डॉग्जकडून 3-1 ने हरले. पुढच्या वर्षी मालक बदलले, संघाचं नाव स्टीलहेड्स झालं, आणि 2024 मध्ये तो ब्रॅम्प्टनला गेला. हे सगळं धंद्याच्या हिशेबाने ठीकच असेल. मला त्यात फारसा रस उरलेला नाही.

त्या शाळेचा बझर्स हा खालच्या पायरीवरचा संघ मात्र मधल्या सगळ्या वर्षांत टिकला. तो बॅथर्स्ट स्ट्रीटवर शाळेच्याच रिंकवर खेळतो. जुन्या मेजर्सचा तोच गडद आणि फिकट निळा रंग बघायचा असेल तर तिथे जावं. जाड मोजे घालून जा, बाकं फार गार असतात.